उरलेल्या गोळ्या : पक्षाघात आणि नैराश्याचं एक प्रकरण

रुग्ण पुरुष, वय ५८. तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग, त्यातली एक एकर बेदाण्यासाठी. रक्तदाब ९ वर्षांपासून, मधुमेह नाही, तंबाखू-चुना पंचविशीपासून. गाव त्यांना अण्णा म्हणतं, मीही तेच म्हणतो. त्यांच्या आणि घरच्यांच्या परवानगीनं लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. आजाराचा भाग मात्र माझ्या चुकांसकट तसाच ठेवला आहे.

एप्रिलात, खरड छाटणीच्या दिवसांत, अण्णा पहाटे साडेपाचला बागेत गेले आणि बांधावर बसले ते उठेनात. मुलगा पोचला तेव्हा तोंड वाकडं, उजवा हात लोंबता आणि तोंडातून शब्द फुटेना. अंगावरून वारं गेलंय हे ओळखायला कुणालाच वेळ लागला नाही. वेळ गेला तो पुढं. शेजारच्या गावात एक जण तेल चोळून वारं उतरवतो, आधी तिकडं नेलं. सांगलीच्या रुग्णालयात पोचेपर्यंत साडेअकरा वाजले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. इथं सहा तास होऊन गेले होते.

रक्तदाब २१०/१२०. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूची मधली धमनी ज्या भागाला रक्त पुरवते तिथला बराच भाग गेलेला दिसला. म्हणजे उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. अण्णांना समोरच्याचं सगळं समजायचं, पण बोलायला गेले की शब्द हाती लागायचा नाही. आठव्या दिवशी घरी सोडलं. गोळ्या तीन होत्या: ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलसाठी ॲटोरव्हास्टॅटिन आणि रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची एकत्र गोळी. पुढचा पाठपुरावा माझ्याकडं आला.

पहिले दोन महिने चांगले गेले. काठी घेऊन अंगणभर चालायला लागले, खांदा उचलायला लागले. बोटं हलत नव्हती, पण ती मागाहून येतात, कधी येतही नाहीत. जून संपता संपता गाडी थांबली. घरी येणारी फिजिओथेरपिस्ट फोनवर म्हणाली, "सर, ताकद आहे हो. पण ते उचलतच नाहीत." जुलैत रक्तदाब १६८/१०२ निघाला. मी केस पेपरवर लिहिलं, 'उत्साह कमी, समजावले', आणि क्लोरथॅलिडोनची साडेबारा मिलिग्रॅमची आणखी एक गोळी वाढवली. गोळ्या रोज घेतायत का, हे विचारलं होतं. सूनबाई म्हणाली, रोज सकाळी वाटीत काढून देते. मला ते पुरलं.

त्याच भेटीत निघताना अण्णांनी डाव्या हातानं माझी बाही धरली आणि म्हणाले, "परत... परत..."

मुलगा म्हणाला, घरीही हेच चाललंय, परत झटका येईल म्हणून घाबरलेत. मलाही तसंच वाटलं. मी खुर्ची पुढं ओढून सांगितलं, अण्णा, गोळ्या वेळेवर घेतल्या की परत यायची भीती बरीच कमी होते. त्यांनी बाही सोडली आणि खाली बघत बसले. पुढच्या भेटीलाही तेच झालं. मी तोच धीर दिला, थोडा अधिक रंगवून.

ऑगस्टमध्ये सूनबाईचा फोन आला. अंथरूण झटकताना मामांची चंची सापडली होती. तंबाखू तर हॉस्पिटलातच सुटली होती, पण चंची ते उशाखाली ठेवायचे. तेहतीस वर्षांची सोबत म्हणून कुणी हात लावला नव्हता. तिच्यात तंबाखू नव्हती. होते ते स्ट्रिपमधून कात्रीनं कापलेले चौकोनी तुकडे, एकेका गोळीचे. ती दुसऱ्या दिवशी चंचीच घेऊन आली. आम्ही टेबलावर मोजले: कोलेस्टेरॉलच्या ३४ आणि रक्तदाबाच्या २९.

तिची पद्धत अशी होती की सकाळी कात्रीनं गोळ्यांचे तुकडे कापून वाटीत ठेवायचे आणि फोडून घ्यायचं काम अण्णांनी स्वतः करायचं, डाव्या हातानं, दातानं, जमेल तसं. फिजिओनंच सांगितलं होतं, जमतंय ते त्यांना करू द्या. सल्ला बरोबरच होता.

दोन गोष्टींकडं मी नीट पाहिलं. एक, एकाही तुकड्याचं फॉइल फुटलेलं नव्हतं. दोन, त्यात ॲस्पिरिन एकही नव्हती.

पक्षाघातानंतरचा रुग्ण गोळ्या साठवताना सापडला की डॉक्टरच्या पोटात गोळा येतो. सगळ्यांना बाहेर बसवलं आणि अण्णांशी एकटं बोलायचं ठरवलं. वाचा गेलेल्या माणसाशी बोलायचं तर प्रश्न हो-नाहीचे करावे लागतात आणि प्रत्येक प्रश्न उलटूनही विचारावा लागतो, कारण अशा रुग्णाची मान कधीकधी हो म्हणायचं असताना नाही म्हणते. कागदावर एक हसरा, एक मख्ख आणि एक रडका चेहरा काढला. झोप लागते? जागे असता? भूक? नातू आला की बरं वाटतं? नको वाटतं? त्यांचं बोट रडक्या चेहऱ्यावरून हलेना. मग विचारलं, सकाळी उठूच नये असं वाटतं का? मान हलली, हो. स्वतःच काही करून घ्यावं असं मनात येतं? नाही. उलटून विचारलं, तरी नाही. या गोळ्या त्यासाठी ठेवल्या होत्या? आधी नाही, मग जोरात नाही, आणि चेहऱ्यावर चक्क राग.

मरणाचं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घालू, अशी भीती घरच्यांना असते, कित्येक डॉक्टरांनाही असते. तसं होत नाही. न विचारण्याची किंमत जास्त असते.

मग त्यांनी एक तुकडा उचलला, उलटा केला आणि पाठीवरच्या बारीक छपाईवर नख ठेवलं. नेमकी तिथं किमतीची ओळ अर्धी कापली गेली होती. "परत," ते म्हणाले. बराच वेळ तोंड हलत राहिलं आणि मग दुसरा शब्द निघाला, "मेडिकल."

गोळ्या मेडिकलला परत करायच्या होत्या. फॉइल फोडलं तर दुकानदार घेणार नाही, म्हणून फोडलं नव्हतं. ॲस्पिरिन काही रुपयांत महिनाभर पुरते, ती त्यांनी नियमानं घेतली होती. महागाच्या दोन बाजूला काढल्या होत्या. आपल्यावर होणारा खर्च वाया चाललाय, तो घरात परत जावा, एवढा हिशेब त्या डोक्यात पूर्ण शाबूत होता. अर्धा कापलेला तुकडा कुणीच परत घेत नाही, हे त्यांना कोण सांगणार? दोन महिने मी त्यांना दुसऱ्याच 'परत'वर धीर देत होतो.

काटकसर आणि नैराश्य यांत फरक काय, असं कुणी विचारेल. शेतकऱ्याच्या घरात पैसा वाचवणं हा आजार नव्हे. पण आपल्या जगण्यावर खर्च करणं म्हणजे पैसा मातीत घालणं, असं माणसाला रोज सकाळी पटत असेल, तर तो हिशेब आजारानं मांडलेला असतो. बाकीची लक्षणं शोधायला फार खोल जावं लागलं नाही. बायको म्हणाली, "मालक दिवसभर भिंतीकडं तोंड करून असतात. अर्धी भाकरी टाकून उठतात. पहाटे तीनला टक्क जागे." बाजारभाव लागले की टीव्ही बंद करायला लावायचे. नेहमीच्या नऊ प्रश्नांची नैराश्याची प्रश्नावली इथं कामाची नव्हती, कारण तिची उत्तरं रुग्णानं स्वतः, भाषेतूनच द्यावी लागतात. अशा रुग्णांसाठी जवळच्या माणसालाच विचारायची प्रश्नावली इंग्लंडात नॉटिंगहॅमला तयार झाली आहे: रडतो का, नजर टाळतो का, मदत नाकारतो का, अशा दिसणाऱ्या गोष्टींवर आधारलेली. तिचा माझ्यापुरता मराठी तर्जुमा करून बायकोला आणि सुनेला वेगवेगळं विचारलं. दोघींची उत्तरं जवळपास सारखी आली.

रडण्याबद्दल एक वेगळं सांगायला हवं. दारात कुणी जुना माणूस दिसला की अण्णा हुंदके द्यायचे आणि अर्ध्या मिनिटात थांबायचे. घरच्यांच्या लेखी तेच नैराश्य होतं. खरं तर ते बरंचसं मेंदूतला भावनांचा लगाम सैल झाल्याचं लक्षण होतं. पक्षाघातानंतर असं रडू, कधी अवेळी हसूही, मनात तेवढं दुःख नसताना फुटतं. त्यांचं नैराश्य रडण्यात नव्हतंच. ते भिंतीकडं तोंड करून पडण्यात होतं, आणि त्याचा घरात कुणाला त्रास नसल्यामुळं त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती.

त्या संध्याकाळी मी अण्णांचे जुने केस पेपर काढले. पक्षाघाताच्या सव्वा वर्ष आधी त्यांच्या पावणेदोन एकराला डिसेंबरात, ऐन फुलोऱ्यात, अवकाळी पावसानं गाठलं होतं. गळ आणि कूज झाली, वर दावण्या बुरशी. फवारणीचं बिल उभं राहिलं आणि घड गेले. त्यानंतरच्या वर्षभरात ते माझ्याकडं चारदा आले होते. माझ्याच अक्षरात लिहिलेलं: 'झोप नाही'. 'पोटात गुबारा, भूक मंद'. 'अंग मोडून येते, वजन ४ किलो कमी'. चौथ्यांदा फक्त 'अशक्तपणा'. चारही वेळा बी-कॉम्प्लेक्सचं इंजेक्शन आणि एकदा झोपेची गोळी. रक्तदाब चढत गेलेला: १४६, १५८, १६४, १७०. बायकोला विचारलं तर म्हणाली, "त्या सालापासनं बीपीची गोळी सोडलीच होती की. म्हणायचे, कशाला." तंबाखूची पुडी दिवसाला एक होती, तिच्या तीन झाल्या. पारावर बसणं बंद, एकादशीचं भजन बंद.

गोळ्या न घेण्याचा प्रकार चंचीपासून सुरू झाला, असं मी समजत होतो. तो त्याच्याही आधीचा निघाला. नैराश्य पक्षाघाताच्या दोन्ही अंगाला होतं.

हे एकट्या अण्णांचं नाही. नैराश्य आणि पक्षाघात यांवरच्या २८ दीर्घकालीन अभ्यासांचा, तीन लाखांहून जास्त माणसांचा, एकत्रित हिशेब २०११ मध्ये अमेरिकी मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला होता. नैराश्य असलेल्यांत पुढं पक्षाघात होण्याचा धोका साधारण ४५ टक्क्यांनी जास्त दिसला. आकडा वाचताना सांभाळायला हवं. मूळ धोका लहान असेल तर त्याचे ४५ टक्केही लहानच असतात. त्यात कार्यकारणाचा गुंता आहेच. गोळ्या सुटतात, तंबाखू वाढते, चालणं थांबतं, हा सरळ रस्ता. शरीरात ताणाची संप्रेरकं आणि सूज वाढती राहते, रक्तातल्या बिंबिका (प्लेटलेट) चिकट होतात, हा आतला रस्ता. आणि तिसरी शक्यता अशी की मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या आधीच खराब होत असतात आणि उतारवयातलं नैराश्य हेच त्याचं पहिलं लक्षण असतं. अण्णांच्या एमआरआयमध्ये जुने बारीक पांढरे ठिपके होतेच. त्यामुळं पावसानं नैराश्य आणलं आणि नैराश्यानं पक्षाघात, अशी सरळ रेघ मी ओढणार नाही. गोळी सुटणं मात्र बायकोनं सांगितलेलं आहे आणि केस पेपरवरच्या चढत्या रक्तदाबात दिसतं.

उलट दिशेचा आकडा जास्त पक्का आहे. पक्षाघातातून वाचलेल्या दर तिघांतल्या साधारण एकाला पुढच्या काही वर्षांत कधी ना कधी नैराश्य येतं. आमच्या शिक्षणाच्या काळात परीक्षेत लिहायचो, मेंदूच्या डाव्या पुढच्या भागात इजा झाली की नैराश्य येतं. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सगळे अभ्यास एकत्र तपासले गेले आणि या नियमाला आधार सापडला नाही. म्हणजे स्कॅन बघून कुणाला नैराश्य येईल हे सांगता येत नाही. माणसालाच विचारावं लागतं.

आता माझी मोठी चूक. ऑगस्टअखेर मी सरट्रालीन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, आधी २५ आणि आठवड्यानं ५० मिलिग्रॅम. सुनेला बजावलं की गोळ्या आता समोर उभं राहून द्यायच्या. तिनं तसंच केलं. बाराव्या दिवशी अण्णा सुस्त झाले, अंगण ओळखेनात, काठीसकट तोल जायला लागला, होते तेवढे शब्दही गेले. घरचे म्हणाले, झालं, परत झटका. सांगलीला पळवलं. सीटीत नवीन काही नव्हतं. रक्तातलं सोडियम ११८ होतं. असायला हवं १३५ च्या वर.

क्लोरथॅलिडोन लघवीवाटे सोडियम घालवतं. सरट्रालीनच्या जातीची औषधं उतारवयात शरीरात पाणी धरून ठेवायला लावतात, त्यानं सोडियम पातळ होतं. दोन्ही एकत्र देताना सोडियम तपासायचं, हे मला माहीत होतं. महिन्याच्या भेटीत तपासणार होतो. शिवाय एक हिशेब चुकला. जुलैत जो रक्तदाब बघून मी क्लोरथॅलिडोन वाढवलं, तो रक्तदाब गोळी न घेणाऱ्या माणसाचा होता. ऑगस्टअखेर तो माणूस पहिल्यांदाच दोन्ही गोळ्या पूर्ण घ्यायला लागला, आणि त्याच आठवड्यात मी वर सरट्रालीन ठेवलं. कागदावर डोस जुना होता, शरीरात नवा.

सोडियम हळूहळू वर आणलं. चोवीस तासांत फार चढू द्यायचं नसतं, नाहीतर मेंदूला वेगळीच इजा होते. पाचव्या दिवशी १३१ झालं आणि अण्णांनी नातवाला ओळखून हाक मारली. नाव चुकलं, पण मारली. मुलाला मी बाहेर बोलावून सांगितलं की हे माझ्या औषधांमुळं झालं. तो गप्प राहिला, मग म्हणाला, "आता तरी सांगलीच्या मनाच्या डॉक्टरला दाखवू." ते आधीच करायला हवं होतं. मानसोपचारतज्ज्ञांनी क्लोरथॅलिडोन कायमचं बंद करायला सांगून रक्तदाबासाठी अम्लोडिपिन ठेवलं, आणि सरट्रालीनऐवजी रात्री मिर्टाझापिन दिलं, साडेसातपासून पंधरा मिलिग्रॅमपर्यंत. त्यानं सोडियम बिघडण्याची शक्यता कमी असते, आणि झोप-भूक सुधारते ती अण्णांना हवीच होती. घरच्यांना त्यांनी १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. रात्री-अपरात्री मराठीतून बोलता येतं. सुनेनं तो फ्रीजवर चिकटवला.

मग पक्षाघात झालेल्या सगळ्यांनाच आधीपासून नैराश्याची गोळी का देऊ नये, असं फिजिओनं विचारलं होतं. प्रश्न रास्त आहे, आणि तसं करूनही पाहिलं गेलं आहे. २०११ मध्ये फ्रान्समधल्या ११८ रुग्णांच्या चाचणीत सरट्रालीनच्याच जातीच्या फ्लुओक्सेटिननं हातापायाची हालचाल जास्त परतल्याचं दिसलं आणि बऱ्याच ठिकाणी ते सर्रास लिहायला लागले. नंतर ब्रिटनमध्ये ३,१२७ रुग्णांवर चाचणी झाली. सहा महिन्यांनी रोजच्या कामांत काहीच फरक नव्हता. नैराश्य थोडं कमी आलं, पण हाड मोडण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं. म्हणून ही गोळी नैराश्य असलेल्याला, हातासाठी नव्हे. ॲस्पिरिनबरोबर या जातीच्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोकाही थोडा वाढतो.

गोळीनं झोप आणली. बाकीचं बागेनं केलं. ऑक्टोबरात फळ छाटणी होती. मुलानं काड्या तपासायला दिल्या होत्या. डोळ्यातला, म्हणजे काडीवरच्या कोंबाच्या जागेतला, घड सूक्ष्मदर्शकाखाली बघून कितव्या डोळ्यावर काडी मारायची ते हल्ली प्रयोगशाळा सांगते. मी आणि फिजिओनं गळ घातली म्हणून अण्णांना बागेत खुर्ची टाकून बसवलं, रोज अर्धा तास. कात्री उजव्या हाताची आणि उजवा हात मेलेला, तेव्हा पहिले दोन दिवस ते मान फिरवून बसले. तिसऱ्या दिवशी मुलानं एका जाड काडीवर रिपोर्टप्रमाणं सहाव्या डोळ्यावर कात्री लावली आणि मागून काठी आपटली गेली. अण्णांनी काठीचं टोक पुढच्या डोळ्यावर टेकवलं. सातवा. मुलानं सातव्यावर मारली. पुढच्या ओळीत ते उठून उभे राहिले. काठी उगारायला खांदा उचलावा लागतो आणि चाळीस वेलांना तो चाळीसदा उचलला गेला. थेरपिस्टला चार महिने न मिळालेला व्यायाम होता तो, तोही डाव्या हातानं, पण उजवा पाय त्या सगळ्या वेळात भार घेत होता.

सातवा डोळा बरोबर होता की सहावा, हे मी विचारलेलं नाही. पीक दोन्हीकडं लागलं.

पुढच्या एप्रिलातली नोंद : रक्तदाब १३६/८४, सोडियम १३८, वजन ५ किलोनं वाढलेलं. चालणं काठीनं, बिनधास्त. उजव्या हाताची पकड नाही आणि आता येईल असं वाटत नाही. दोन-तीन शब्दांची वाक्यं येतात. अवेळी रडू अजून येतं, घरच्यांना आता त्याची भीती वाटत नाही. मिर्टाझापिन चालू आहे, इतक्यात कमी करणार नाही. सुनेनं रिकाम्या स्ट्रिप पिशवीतून आणल्या होत्या, मोजायला. तिला मी सांगितलं नव्हतं.

निघताना अण्णांनी बाही धरली. "परत?"

या वेळी मी आधी विचारलं, कोणतं परत? त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं काठी केली. मी पुढच्या महिन्यातली एक तारीख सांगितली. त्यांनी मान हलवली, ती तारीख नको. त्या दिवशी बागेत सबकेनचं, काड्यांचे शेंडे खुडायचं, काम होतं.